अरुंद रानवाटांसाठी स्पोर्ट क्वाड कशी निवडावी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस विकला गेला किंवा केळीची पट्टी हातात आली की फोन आणि मेसेज सुरू होतात: "भाऊ, क्वाड घ्यायची आहे, कोणती घेऊ?" क्वाड म्हणजेच एटीव्ही, हँडलने चालवायची उघडी चार चाकी रानगाडी. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून विचारणा होते आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. रेतीत किंवा मोकळ्या माळावर भरधाव पळवण्यासाठी काय घ्यावं, ते इथे सापडणार नाही. झाडांतून, खुंटांतून, गोट्यांतून हळूहळू वळत जायची वाट ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

1. स्पोर्ट क्वाड म्हणजे नेमकं काय? रिसॉर्टवर फिरवतात ती एटीव्ही आणि ही एकच का?

दोन्ही एटीव्हीच, पण जात वेगळी. युटिलिटी एटीव्हीला पुढे-मागे सामान ठेवायचे कॅरिअर असतात, बहुधा बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर आणि फोर व्हील ड्राइव्ह असतो. मोठी मॉडेल्स 300 किलोच्या पुढे जातात. स्पोर्ट क्वाडची ताकद फक्त मागच्या चाकांना, तीही चेनने जाते. हाताचा क्लच, पायाचा गिअर, लांब चालीचे शॉकअप आणि वजन साधारण 170 ते 190 किलो. रिसॉर्टवर दिसते ती बहुतेक वेळा 110 किंवा 125 सीसीची छोटी गाडी असते (प्रश्न 7).

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या एक्सलला डिफरन्शिअल नसतं, त्यामुळे मागची दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात. नुसतं हँडल वळवलं तर गाडी सरळच ढकलत राहते. शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवून, बाहेरच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर) जोर देऊन आणि थ्रॉटलने मागचं टोक किंचित सरकवून ती वळवावी लागते. अरुंद वाटेवर गाडीची निवड महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

2. सुरुवात कुठून करू? आधी सीसी बघू की बजेट?

आधी रुंदी. बजेट तुमचं तुम्हाला माहीत असतं आणि सीसीचा मोह नंतर आवरता येतो, पण वाटेवरची दोन झाडं काही केल्या बाजूला सरकत नाहीत.

शोरूमला किंवा गाडीमालकाकडे जाण्याआधी एक बांबू घ्या आणि बरोबर 52 इंचांचा कापा. तो आडवा, गुडघ्याच्या उंचीवर धरून आपल्या वाटेने शेवटपर्यंत चाला. बांबू जिथे अडेल त्या खोडाला खडूची खूण करा. 46 इंची गाडीला दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहावेत, एवढा हा हिशेब आहे. वळणावर बांबू वाटेला काटकोनात न धरता गाडी जशी तिरपी येईल तसा धरा. मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही, आतून कापत जातं. खोडाच्या सालीवर घासतं ते तेच चाक.

खुणा दोन-चारच निघाल्या तर वाटच थोडी बदलून घ्या. दर दहा पावलांना खूण पडत असेल तर ती वाट क्वाडची नाहीच, तिथे मोटरसायकल शोभते.

3. 46 इंच आणि 50 इंच यांत चारच इंचांचा फरक. त्याने असं काय बिघडतं?

स्पोर्ट क्वाडच्या जगात हे दोन आकडे सगळीकडे दिसतात. 50 इंच रुंदी मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी असते. तिथे उड्या असतात, मोठी वळणं असतात, गाडी पलटू नये म्हणून ती पसरट हवी. झाडीतल्या शर्यतींसाठी 46 इंचांच्या आसपासची रुंदी धरतात. कंपन्यांनीही तशा जोड्या काढल्या होत्या. यामाहाची वायएफझेड450आर जवळपास 49 इंची आहे, तर तिचीच झाडीसाठीची बहीण वायएफझेड450एक्स 46 इंची होती, ती 2010 च्या सुमारास आली आणि लवकरच बंद झाली. कॅन-ॲमच्या डीएस450 मध्येही एक्स एमएक्स ही रुंद आणि एक्स एक्ससी ही अरुंद, अशा दोन आवृत्त्या होत्या.

आता आपल्याकडचा हिशेब. शेतातला साग दोन मीटरवर लावला असेल तर दोन खोडांमध्ये 78 इंच मिळतात. कागदावर भरपूर वाटतात. पण खोडाची जाडी, खाली फुटलेले फुटवे आणि गाडीचा तिरपा प्रवेश वजा केला की 50 इंची गाडीला प्रत्येक ओळीत वेग मोडावा लागतो, 46 वाली लय न मोडता जाते. दिवसभर चालवल्यावर खांदे आणि मनगटं हा फरक बरोबर सांगतात.

अरुंद गाडीची किंमतही मोजावी लागते, हे सांगितलंच पाहिजे. आडव्या उतारावर ती लवकर कलते. टेकडीच्या कडेकडेने जाणारी वाट जास्त असेल तर 46 च्या खाली जायचा विचारही करू नका, आणि अशा जागी वजन चढाच्या बाजूला टाकायची सवय आधी लावून घ्या.

रुंद गाडी आधीच दारात असेल तर तिला दोन-तीन इंच अरुंद करता येतं. चाकामागे स्पेसर लावलेले असतील तर काढा, वेगळ्या ऑफसेटच्या रिम मिळतात, आणि काही एक्सलची रुंदी कमी-जास्त करता येते. पुढचे ए-आर्म (चाक धरणारे दांडे) बदलणं मात्र खर्चिक काम आहे. एवढं करण्यापेक्षा ती विकून योग्य गाडी घेतलेली बरी.

4. 450 घेऊ, 400 घेऊ की एकदम 700?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि माझं मत ठाम आहे: झाडीतल्या हळू वाटेसाठी पहिली गाडी 400 च्या वर्गातली घ्या.

शर्यतीच्या 450 गाड्यांचा जोर इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत (जास्त आरपीएमला) असतो. होंडाची टीआरएक्स450आर, सुझुकीची एलटी-आर450, यामाहाची वायएफझेड450आर ही सगळी ट्रॅकवर जिंकायला बनवलेली इंजिनं. फेरे खाली आले की ती झटक्याने बंद पडतात. दोन खुंटांमधल्या चढावर गाडी बंद पडली, खाली मुरूम सुटा आहे आणि एक पाय ब्रेकवर अडकलेला आहे, अशा वेळी वरच्या फेऱ्यांतल्या ताकदीचा काडीचा उपयोग नसतो. तिथे हवी असते खालची खेच: क्लच सोडला की इंजिन गुरगुरत गाडी उचलणारी.

ही खेच होंडाच्या टीआरएक्स400ईएक्समध्ये आहे. एअरकूल्ड, साधं, दणकट इंजिन आणि रुंदी 46 इंचांच्या आत. सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड400 लिक्विडकूल्ड आहे, तिची रुंदी 47 च्या आसपास. ती एके काळी भारतात अधिकृतपणे विकली जात होती, म्हणून वापरलेल्या गाड्यांत ती कधीतरी नजरेस पडते.

यामाहाच्या रॅप्टर 700आरबद्दल लोकांना आश्चर्य वाटतं. इंजिन 686 सीसीचं, पण रुंदी 46 इंचांच्या आसपासच. शिवाय खालची खेच भरपूर. उंच, वजनदार आणि आधी क्वाड चालवलेल्या माणसाला ती झाडीत छान चालते. नव्या माणसाने मात्र तिच्यापासून लांब राहावं. वळणात थ्रॉटलवरचा अंगठा जरा जास्त दाबला गेला तर झाड दोन हातांवर असतं.

450 आधीच घेऊन बसला असाल तर निराश होऊ नका. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एका दाताने लहान करा, फ्लायव्हीलला वजन वाढवा, आणि बजेट असेल तर ऑटो क्लच बसवा, म्हणजे ब्रेक दाबूनही इंजिन बंद पडत नाही. शॉकअपचं सेटिंग ट्रॅकसाठी कडक असतं, ते मऊ करून घ्या. एवढ्या कामानंतर 450 झाडीत चांगली वागते.

5. रिव्हर्स गिअर लागतोच का? "खऱ्या" स्पोर्ट क्वाडला नसतो म्हणतात.

माझ्या मते झाडीत रिव्हर्स असावाच. रॅप्टर 700आर, झेड400, कावासाकीची केएफएक्स450आर आणि 2005 पासूनची टीआरएक्स400ईएक्स यांना तो आहे. वायएफझेड450आर, टीआरएक्स450आर, एलटी-आर450 यांना नाही. नाल्याच्या काठाशी नाक अडकलं की रिव्हर्स नसलेल्या गाडीचं मागचं टोक हाताने उचलून सरकवावं लागतं. बरोबर मित्र असेल तर जमतं, एकट्याने मे महिन्यात करून बघू नका.

6. टू-स्ट्रोक बॅन्शी मिळते आहे, घेऊ का?

झाडीसाठी नको. यामाहा बॅन्शीचं दोन सिलिंडरचं 350 इंजिन खाली सुस्त आणि वर एकदम उसळतं. मोकळ्या रेतीत त्याची मजा आहे, खोडांमध्ये तीच उसळी धोक्याची. त्यातून सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात.

7. ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त 125 सीसीच्या चिनी क्वाड कशा असतात?

अंगणात किंवा खळ्यावर क्लचविना हात बसवायला ठीक. त्यांचं आडवं इंजिन होंडाच्या जुन्या छोट्या इंजिनाच्या धाटणीचं असल्याने पिस्टन, कार्बोरेटर, केबल असे भाग स्वस्तात मिळतात आणि गावातला मिस्तरीही ते उघडू शकतो.

पण मोठ्या माणसाने ती घेऊन सातपुड्याच्या पायथ्याचे चढ चढू नयेत. ए-आर्मचे बुश लवकर ढिले होतात, ब्रेक कमी पडतात. घेतलीच तर पहिल्याच दिवशी सगळे नट-बोल्ट पान्याने तपासा, विशेषतः चाकांचे आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचे. स्प्लिट पिन बसवलेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा.

8. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. एअरकूल्ड इंजिन टिकेल का?

भुसावळ-जळगावच्या उन्हात हा प्रश्न रास्तच आहे. एअरकूल्ड इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि अरुंद वाटेवर गाडी इतकी हळू चालते की वारा लागतच नाही. म्हणून मार्च ते जूनमध्ये सकाळी दहाच्या आत गाडी उभी करावी. मधे मधे थांबावं, चांगलं इंजिन ऑइल वापरावं आणि ते वेळेआधी बदलावं. लिक्विडकूल्ड गाडी घेत असाल तर रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का ते इंजिन तापवून तपासा. रेडिएटरच्या जाळीत वाळलेलं गवत आणि पळसाची पानं अडकतात, ती दर वेळी हाताने काढावीत.

उन्हाळ्यातला मोठा धोका वेगळाच आहे. सागाचं वाळलेलं पान तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर चिकटलं की धुमसायला लागतं. सायलेन्सरच्या आतली ठिणगी अडवणारी जाळी आवाज वाढवण्यासाठी काढून टाकलेली गाडी आमच्या वाटेवर येऊ दिली जात नाही. वणव्याच्या दिवसांत वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, मोकळ्या मातीवर करा.

9. टायर कोणते घालू? बाभळीच्या काट्यांचं काय?

झाडीसाठी पुढे 21 किंवा 22 इंच उंचीचे, 7 इंच रुंद, 10 इंची रिमवरचे. मागे 20 इंचांचे, 10 किंवा 11 रुंद, 9 इंची रिमवरचे. मोटोक्रॉसचे 18 इंची मागचे टायर घालू नका. स्पोर्ट क्वाडचा सगळ्यात खालचा भाग मागच्या एक्सलपाशी, स्प्रॉकेट आणि ब्रेक डिस्कजवळ असतो, जमिनीपासून साडेचार-पाच इंचांवर. टायर लहान झाला की तो भाग आणखी खाली येतो आणि पानांखाली लपलेल्या खुंटावर आदळतो.

टायरच्या बाजूच्या भिंती जाड हव्यात, किमान सहा प्लायच्या (थरांच्या). बाभूळ, बोर, हिवर यांचे काटे बाजूनेच घुसतात. पंक्चरच्या वाती, टोचणी आणि छोटा पंप गाडीवरच बांधून ठेवा.

हवा 4 ते 7 पीएसआय. पंक्चरवाल्याकडचा गेज एवढ्या कमी हवेला खरं सांगत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. गोटे जास्त असतील तर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर रिम वाकते.

10. गाडी घेतल्यावर आधी काय काय बसवू?

पैसे पुरतील त्या क्रमाने सांगतो. पहिला, मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच: माणूस पडला की इंजिन बंद. दुसरे, जाळीवाले नर्फ बार, म्हणजे पायाच्या बाजूने जाणारे दांडे. पाय घसरून मागच्या चाकाखाली जाणं हा झाडीतला नेहमीचा अपघात आहे आणि ही जाळी तो अडवते. तिसरी, इंजिनाखालची आणि स्विंगआर्मखालची (मागचा एक्सल धरणाऱ्या दांड्याखालची) जाड ॲल्युमिनिअमची स्किड प्लेट. चौथे, हँडगार्ड, कारण बोटं नेमकी फांदीच्या उंचीवर असतात. त्यानंतर स्टिअरिंग डॅम्पर. पुढचं चाक खुंटाला लागलं की हँडल हातातून हिसकलं जातं, तो झटका डॅम्पर खातो.

पाइप, स्टिकर आणि लाइट बार नंतर. हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हातमोजे यांची गणती मी ॲक्सेसरीत करत नाही, ते गाडीच्या किमतीतच धरा.

11. साधं पेट्रोल चालेल का?

इंजिनाच्या कम्प्रेशनवर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं त्यावर अवलंबून आहे. टीआरएक्स400ईएक्स आणि रॅप्टर 700 यांचं कम्प्रेशन नऊ-दहाच्या आसपास आहे, त्यांना साधं चालतं. वायएफझेड450आरसारख्यांचं साडेअकराच्या वर जातं, त्यांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल द्यावं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई20 येतं. ऑक्टेनच्या दृष्टीने ते वाईट नाही, पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांतले रबरी भाग आणि नळ्या त्याने खराब होऊ शकतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

12. पावसाळ्यात काळ्या मातीत चालवता येईल का?

नाही. काळी माती ओली झाली की टायरच्या गोट्या भरून गुळगुळीत होतात, चेन आणि ब्रेक मातीने लडबडतात, आणि वाटेवर पडलेले चर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दगडासारखे राहतात. मुरमाड उंचवट्यावर पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी चालवता येतं. कोरड्या दिवसांत याच मातीची धूळ शत्रू होते: फोमचा एअर फिल्टर दर राइडनंतर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावूनच परत बसवा.

13. "भाऊ, मना पोऱ्या बारा वरीसना शे. त्याले कोनती गाडी लेवू?"

दादा, त्याला मोठ्यांची गाडी नको, अगदी तुम्ही शेजारी उभे असलात तरी. 16 वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या मापाची एटीव्ही चालवू नये, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. पावणेदोनशे किलोची गाडी अंगावर आली तर बारा वर्षांच्या मुलाला ती ढकलता येत नाही. त्याच्या वयासाठी कंपनीनेच बनवलेली, वेग बांधून देता येणारी, 90 सीसीच्या आसपासची गाडी बघा. बसल्यावर पाय फूटपेगवर पूर्ण टेकतात का आणि हँडल शेवटपर्यंत वळवल्यावरही दोन्ही हात पोचतात का, हे सीसीपेक्षा महत्त्वाचं. खळ्यावर सराव झाल्याशिवाय झाडांत नेऊ नका.

14. मागे कोणाला बसवता येईल का?

नाही. लांब सीट चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून असते. मागे माणूस बसला की चढावर पुढचं टोक उठतं.

15. यावल अभयारण्य, तोरणमाळ, पाटणादेवी, इथे चालवता येईल का?

यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत, पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागतो आणि परवानगीविना प्रवेशच चालत नाही, मग क्वाड तर दूरच. तोरणमाळकडच्या राखीव वनालाही भारतीय वन कायदा, 1927 आहे. "सगळेच ट्रॅक्टर नेतात" हे उत्तर वनरक्षकासमोर टिकत नाही. त्याहीपेक्षा, हे रान आधीच विरळ होत चाललं आहे, पाड्यांवरच्या लोकांची गुरं आणि पायवाटा तिथेच आहेत. आपल्या हौसेचा आवाज तिथे न्यायचा अधिकार आपल्याला नाही.

मग कुठे? स्वतःच्या किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेल्या जमिनीवर. पडीक माळ, शेतातला साग किंवा बांबू, जुनी आमराई, मुरमाड टेकडी. तासाभराची छान वाट पाच-सहा एकरांत बसते, फक्त ती वळणावळणाची आखावी लागते.

16. माझं शेत वनहद्दीला लागून आहे. मग?

शेत तुमचं, तिथे चालवा. पण वाट हद्दीच्या दगडांपासून आत घ्या आणि संध्याकाळी चालवू नका, कारण बिबट्या, रानडुकरं त्याच वेळी बांधावरून फिरतात. वाट सुरू करण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन काय करतो आहोत ते सांगून ठेवणं शहाणपणाचं.

केळीच्या बागेत चालवू का, असंही याच्याच जोडीने विचारतात. नका. पाच फुटांवरच्या ओळींत गाडी कशीबशी बसते, पण ठिबकच्या नळ्या टायरखाली येऊन कापल्या जातात आणि नळी एक्सलला गुंडाळली की अख्खी ओळ उपटून येते.

17. शेतापर्यंत रस्त्याने चालवत नेली तर?

स्पोर्ट क्वाडला रस्त्यासाठी मंजुरी नसते, नंबर मिळत नाही, त्यामुळे रस्त्यावरचा विमाही नाही. पिकअपमध्ये घालून न्या. शेतीच्या ट्रॅक्टरच्या वर्गात मंजुरी मिळालेल्या काही युटिलिटी एटीव्ही नोंदणीसह येतात, एवढाच अपवाद. पण त्या युटिलिटी आहेत, प्रश्न 1 मधला फरक तिथे लागू होतो. आणि नियम बाजूला ठेवला तरी हे टायर डांबरावर नीट धरत नाहीत, डिफरन्शिअल नसल्याने गाडी वळणात दगा देते.

18. वापरलेली घेताना काय तपासू?

कागद आधी. बाहेरून आलेली गाडी असेल तर कस्टम भरल्याची बिल ऑफ एंट्री मागा आणि चासी नंबर तिच्याशी जुळवा. नंबर घासलेला दिसला तर पुढे बोलूच नका.

मग पुढचं टोक विटांवर उचला. चाक वर-खाली हलवलं तर बॉल जॉइंट कळतो, डावी-उजवीकडे हलवलं तर टाय रॉड. मागचं टोक उचलून चाक फिरवा आणि एका स्थिर काडीच्या टोकाशी एक्सलचं टोक बघा: काडीपासून जवळ-लांब जात असेल तर एक्सल वाकलेला आहे. झाडीत वापरलेल्या गाडीत हे सर्रास आढळतं. एअर बॉक्सचं झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती इंजिनात गेलेली आहे, पिस्टन-रिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने ते तापवून ठेवलं असेल तर चहा घ्या, तासभर थांबा, आणि पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा सुरू करायला लावा.